'सिद्धांत' बदलला, असं म्हणता येतं का?

सांजवारा : नववीच्या मुलांसाठी एका इंग्रजी पुस्तिकेचं भाषांतर करतेय. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली मांडलं, की सगळे खंड एकेकाळी जोडलेले होते आणि सरकत सरकत लांब गेले. मी 'खंडवहनाचा सिद्धांत' लिहिलं. पुढचं वाक्य असं, की बहुतेक भूशास्त्रज्ञांनी तो नाकारला आणि पुढे बदललेल्या रूपात स्वीकारला. इथे अडले. सिद्ध अधिक अंत, म्हणजे शेवटी सिद्ध झालेलं. ते नाकारणार कसं? थिअरीला दुसरा शब्द सुचवा.

कोळसापट्टा : 'उपपत्ती' लिहा. कारणं देऊन केलेली मांडणी, एवढाच अर्थ. वेगेनरकडे पुरावा भक्कम होता. कॉलेजात सरांनी चंद्रपूरकडच्या शेल खडकाचा एक करडा तुकडा हातावर ठेवला होता. त्यावर जिभेच्या आकाराचं पान, मधोमध ठसठशीत शीर, दोन्हीकडे शिरांची जाळी. ग्लॉसॉप्टेरिस, फार पूर्वी नामशेष झालेली वनस्पती. हेच पान दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकावरही सापडतं. पण खंडांना ढकलतं कोण, याचं त्याचं उत्तर लंगडं होतं. त्याने सांगितलेली बलं फारच तोकडी निघाली.

फळाखडू : 'उपपत्ती' मुलांच्या तोंडी बसणार नाही. वीस वर्षं शिकवतोय. खरा घोळ 'वाद' या शब्दाने केलाय. 'उत्क्रांतिवाद' शिकवताना वर्गात कुणीतरी विचारतंच, "सर, हा वाद अजून मिटला नाही का?" साम्यवाद, गांधीवाद यांच्या पंगतीत डार्विनला बसवलं की दुसरं काय होणार? सरळ 'थिअरी' लिहा.

पोथीवाचक : थिअरी कशाला? 'सिद्धांत' हा शब्दच आपण अर्धवट वाचतोय. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, सिद्धांताचे चार प्रकार आहेत. त्यातला 'प्रतितंत्र' म्हणजे एकाच शास्त्राला मान्य असलेला, आणि 'अभ्युपगम' म्हणजे पुढचा विचार करता यावा म्हणून तूर्त मान्य केलेला. जुना ज्योतिर्विद वराहमिहिर, त्याने तर ग्रहगणिताचे पाच सिद्धांत शेजारी मांडून पंचसिद्धांतिका लिहिली. एकच अंतिम असता तर पाच कशाला लागले असते? आकाशाशी गणित जुळेना की 'बीजसंस्कार' देऊन ते दुरुस्त करायची रीत होती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या ग्रहलाघव या ग्रहगणिताच्या ग्रंथात कुठला ग्रह कुठल्या पक्षाच्या, म्हणजे परंपरेच्या, गणिताने दिसण्याशी जुळतो, ते पाहूनच निवड केली.

फळाखडू : हे नववीतल्या पोराला कोण सांगणार? त्याच्यासाठी सिद्धांत म्हणजे पायथागोरसचा.

पोथीवाचक : ते प्रमेय. पाठ्यपुस्तकंही तेच म्हणतात. आपणच शब्द सैल वापरायचे आणि दोष मराठीला द्यायचा, हे मला पटत नाही.

बाराखडी : पण 'थिअरी' तरी कुठे स्वच्छ आहे? आमच्याकडे 'थिअरीचा पेपर' म्हणजे लेखी, आणि 'माझी अशी थिअरी आहे' म्हणजे नुसता अंदाज. मुलं तोच अर्थ धरतील, आणि अंदाजाला मराठीत 'अटकळ' हा सुंदर शब्द पडून आहे.

कोळसापट्टा : ताईंचा प्रश्न मागे पडतोय. नाकारलं ते एक आणि स्वीकारलं ते दुसरंच, हे आधी बघा. वेगेनरचे खंड समुद्रतळ कापत जात होते. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी समुद्रतळावरच्या मध्यसागरी पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंच्या खडकांतल्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. पट्टे आरशातल्यासारखे जुळत होते. म्हणजे तळ मधोमध नवा तयार होऊन दोन्हीकडे सरकतो आणि खंड त्याच्यासोबत जातात. अशा सरकत्या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात वारला, त्याला हे बघायला मिळालं नाही. म्हणून मी लिहीन, 'वेगेनरची कल्पना नाकारली गेली, भूपट्टांचा सिद्धांत मान्य झाला'.

सांजवारा : 'कल्पना' फार हलकं वाटतं हो. त्याने आयुष्य घातलं त्यात.

बाराखडी : पुस्तिकेत 'गोंडवानालँड', म्हणजे दक्षिणेकडच्या जोडलेल्या खंडांचं नाव, आहे का? गोंडवाना म्हणजेच गोंडांचं वन, मग वर आणखी 'लँड' कशाला?

पोथीवाचक : 'गोंडवन' लिहा.

कोळसापट्टा : आमच्याकडे कुणीही 'गोंडवन' म्हणत नाही. गोंडवानाच.