वाचनकट्टा : आइसलँडचं पुस्तक कसं वाटलं?

बी-१२०३
नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या वाचनकट्ट्याचं या महिन्याचं आइसलँडचं पुस्तक काल रात्री संपलं. रविवारी मी पुण्याला नातीकडे आहे, बैठकीला जमणार नाही, म्हणून इथेच लिहिते. मजकूर लांबलाय, सवडीने वाचा.

पुस्तक मला आवडलं. पहिली साठ पानं तर उठले नाही. तिथल्या वाऱ्यात मोटारीचं दार दोन्ही हातांनी धरूनच उघडायचं, नाहीतर ते उलटं फिरतं आणि भाड्याच्या गाडीची भरपाई आपल्या खिशातून. तो प्रसंग वाचताना मी इतक्या मोठ्याने हसले की हे आतून विचारायला आले, काय झालं म्हणून. आणि मुरवलेल्या शार्कचा तुकडा तोंडात ठेवून यजमानांसमोर चेहरा सरळ ठेवायची धडपड! तिथे लेखक स्वतःची फजिती सांगतो, म्हणून ते हसू गोड लागतं.

तरणतलावाच्या प्रकरणात मात्र मला राग आला. तिथल्या सार्वजनिक तलावात उतरण्याआधी सगळे कपडे काढून, साबण लावून अंघोळ करावी लागते. भिंतीवर माणसाचं चित्र, त्यात डोकं, काखा, जांघा आणि पावलं लाल रंगाने दाखवलेली. एवढं घासलंच पाहिजे. लक्ष ठेवायला माणूसही असतो. लेखकाने यावर सात पानं लिहिलीत, सगळी हसवणारी. पण नियम का आहे, ते एका ओळीत नाही. मग वाचकाच्या मनात राहतं काय, तर हे लोक विचित्र. परक्यांच्या रीतीवर हसायला माझी ना नाही, पण आधी त्यांना विचारावं ना, तुम्ही असं का करता?

ए-७०२
ताई, कारण मी सांगतो. उभी नोकरी पाणी शुद्धीकरणात झाली माझी. स्विमिंग पूलचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम, अंगावरचं तेल, लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. बरं, क्लोरीन यातच खर्ची पडलं की जंतू मारायला उरत नाही, मग आणखी ओता. आइसलँडच्या तलावात क्लोरीन कमी ठेवतात, म्हणून माणसाने स्वच्छ होऊन उतरायचं.

आपल्या पूलच्या दारावरही पाटी आहे, शॉवर घेऊनच पाण्यात उतरावे. मे महिन्यात मी रोज सकाळी सहाला जात होतो. पूल भरलेला आणि शॉवरखालची फरशी कोरडी ठाक. मला याचं फार वाईट वाटतं.

सी-३०४
काका, आपल्या पूलचं शंभर टक्के मान्य. पण मी लेखकाच्या बाजूने बोलतो. हे विनोदी पुस्तक आहे, प्रत्येक विनोदाला कारण जोडत बसलं तर हसणार कोण? आणि काकू, त्या पानांत मला लेखकाचं लाजणंच जास्त दिसलं. हा टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात उभा आणि शेजारी सत्तरीचे आजोबा निवांत केस धुताहेत. हसू येतं ते याच्यावरच.

बी-१२०३
चौथ्या पानापर्यंत तू म्हणतोस तसंच आहे रे. पुढे तो त्या आजोबांच्या पोटाचं वर्णन सुरू करतो. तिथे सूर बदलतो. ते आजोबा त्यांच्या गावात, त्यांच्या तलावावर अंघोळ करत होते. त्यांनी याला बोलावलं नव्हतं. एवढी दोन पानं पुन्हा वाच आणि मग सांग.

सोसायटी ऑफिस
बी विंगच्या वरच्या टाकीची सफाई आहे. आज ११ ते २ पाणी बंद राहील. कृपया सहकार्य करावे.

ए-१०१
मला सगळ्यात जास्त आवडलं ते गरम पाण्याचं प्रकरण. तिथे दहातली नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर ऊबदार राहतात आणि राजधानीत, रेक्याविकला, नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो. लेखकाची बायको पहिल्या दिवशी हॉटेलवाल्याकडे तक्रार करायला निघते, तिथे मी पुस्तक मिटून बसून राहिले. माझं माहेर अकलोलीचं. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांचा तोच वास माझ्या लहानपणाचा वास आहे. कुंडावर निघताना आई आमचे चांदीचे पैंजण काढून पदराच्या टोकाला बांधायची, कारण त्या पाण्याने चांदी काळी पडते. पुस्तकातही बायकोची चांदीची अंगठी काळी पडते! इतक्या लांबच्या देशात आईची ती गाठ सापडेल असं वाटलं नव्हतं. मला हे पुस्तक विकत घ्यायचंय.

सी-३०४
एक दुरुस्ती सुचवतो. आइसलँडमध्ये एकही डास नाही, असं पुस्तकात तीनदा आलंय. पुस्तक लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे पहिल्यांदाच उघड्यावर तीन डास सापडले. पुढच्या आवृत्तीत बदलायला हवं. बाकी आकडे बरोबर वाटले. महाराष्ट्राच्या एक तृतीयांश जागेत चार लाखांच्या आत माणसं. एकट्या ठाणे शहरात २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर लोक होते, यावरून विचार करा.

डी-५०६
मी ग्रुपवर कधी लिहीत नाही, पण आज लिहिते. नावांचं प्रकरण कोणीच काढलं नाही म्हणून.

तिथे आडनाव जवळपास नसतंच. वडिलांच्या नावाला मुलगा असेल तर सोन आणि मुलगी असेल तर दोत्तिर लावायचं. कुणी आईचं नावही लावतं. टेलिफोनची यादी पहिल्या नावावरून. लेखक म्हणतो, एका घरात चार माणसं आणि दारावर चार वेगळी नावं, पोस्टमनचं काय होत असेल! मीही हसले. मग हसू थांबलं. तिथली बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. जन्मभर ती तिच्या बापाची किंवा आईची मुलगी.

माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आहे, रेशनकार्डावर नवऱ्याचं. मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, आणि सासरच्यांनी तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदललं. मागच्या वर्षी वडिलांच्या ठेवीसाठी एका बँकेत गेले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ही मुलगी तुम्हीच कशावरून? गॅझेटचा कागद, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पाच फेऱ्या झाल्या. माझ्याच बापाची मुलगी असल्याचा पुरावा द्यायला.

आणि आइसलँडमध्ये, जिथे बाई नाव बदलत नाही, तिथे २४ ऑक्टोबर १९७५ ला बायकांनी एक दिवस सगळी कामं थांबवली. नोकरी, स्वयंपाक, मुलं, सगळं. दहातल्या नऊ जणी त्यात होत्या. बाप मुलांना घेऊन कामावर गेले. पाच वर्षांनी, १९८० ला, विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. मतदानाने निवडून आलेली जगातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष. घटस्फोटित आणि एकटीने दत्तक मुलगी वाढवणारी. सोळा वर्षं त्या पदावर होत्या. यावर पुस्तकात अर्धं पान आहे, अंघोळीवर सात. हे मला पटलं नाही.

ए-१०१
तू लिहिलंस ते दोनदा वाचलं गं. माझंही नाव तांदळातच बदललं. पहिल्या नावाने हाक मारणारी आई गेली, त्यानंतर ते नाव कोणी घेतलं नाही.

सी-३०४
काकू, ती दोन पानं पुन्हा वाचली. पोटाचं वर्णन खरंच नको होतं. पण म्हणून आख्खं पुस्तक वाईट ठरत नाही. १९८७ पर्यंत तिथे गुरुवारी टीव्हीच बंद असायचा आणि लोक एकमेकांकडे जायचे, ते किती प्रेमाने लिहिलंय. तिथे मला लेखक आवडला. आणि डी-५०६ ताई, ते अर्धं पान माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं.

बी-१२०३
आख्खं पुस्तक वाईट असं मी म्हटलेलंच नाही. आवडलं म्हणून तर इतकं भांडतेय. ताई, तुम्ही रविवारी हे बैठकीत जरूर बोला, नुसतं ग्रुपवर ठेवू नका.

ए-७०२
पूलच्या पाटीबद्दल मी समितीला आज पत्र देतो. नुसता नियम नको, खाली क्लोरामाइनचं कारण दोन ओळींत लिहू. सी-३०४, तुझं अक्षर चांगलं आहे, मोठ्या कागदावर लिहून देशील का? तिथल्यासारखं चित्रही काढ, कपड्यातल्या माणसाचं.

सी-३०४
देतो काका. शनिवारी.

डी-५०६
काकू, प्रत आता कोणाकडे आहे? माझी मुलगी वाचायची म्हणते. नावांचं प्रकरण तिला आधी वाचायचंय.

बी-१२०३
माझ्याकडेच आहे. निघताना गेटवर वॉचमनकडे ठेवते, तुमच्या फ्लॅटचा नंबर लिहून. त्या अर्ध्या पानाला टीएमटी बसचं तिकीट खुणेला ठेवलंय, म्हणजे तिला शोधावं लागणार नाही.