मदत हवी आहे: काकांचं ऊदाचं अत्तर थंडीतल्या लग्नात कसं लावू?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, कामाला बेळगावात उद्यमबागेत. रोजचं जाणं-येणं दुचाकीवर. प्रश्न अत्तराचा आहे, पण घरचाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे काका वीसेक वर्षं मस्कतला होते. डिसेंबरात सुट्टीवर आले की बॅगेतून खजुराचे डबे निघायचे आणि वरच्या खिशातून काचेची एक चिमुकली बाटली. दाट, तांबूस-काळं तेल. उघडल्या उघडल्या लवंग-जायफळाचा तिखट झटका, मग केशर, आणि तासाभरानं खाली उरतो तो ओल्या लाकडाचा, चामड्याचा, थोडा गोठ्याचाही वास. पुष्कळांना तो सहन होत नाही. मला लहानपणापासून आवडतो. काका मागच्या वर्षी गेले. बाटली काकूंनी माझ्या हातात दिली. पाव भाग उरलाय. येत्या मार्गशीर्षात त्यांच्या मुलीचं लग्न आहे. हळद आदल्या संध्याकाळी अंगणात, अक्षता दुपारी साडेबाराला कार्यालयात, रात्रीची जेवणं उघड्या पटांगणात. त्या दिवशी हे अत्तर अंगाला असावं असं मला फार वाटतंय.

अडचण अशी की मला ते लावताच येत नाही. परवा सकाळी साडेसहाला निघताना मानेला दोन थेंब लावले. आपल्याकडचा हा गारठा तुम्हाला ठाऊक आहे, रस्त्यावर धुकं, हँडलवर बोटं आखडतात. उद्यमबागेत पोचलो तर वास नावालाही नाही. वाटलं, जुनं तेल, उतरलं असेल. म्हणून गेटपाशीच आणखी दोन बोटं ओढली. आत आठ जणांची खोली, खिडक्या बंद. दहाच्या सुमारास शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचं डोकं दुखायला लागलं. मला फार वाईट वाटलं. साबणानं मान धुतली, तरी जाकिटातून वास चार दिवस गेला नाही. घरी आई म्हणाली, "कोणी ऊद घातलाय काय रे घरात?"

आईचं चुकत नाही. आपल्याकडे ऊद म्हणजे निखाऱ्यावर घालायचा धूप, बाळ-बाळंतिणीला धुरी देतात तो. तो वेगळ्या झाडाचा डिंक. काकांच्या बाटलीतला ऊद म्हणजे अगरू. अगरबत्ती आणि उदबत्ती हे दोन्ही शब्द रोज तोंडात असून हा फरक मला या निमित्तानं कळला.

तर विचारायचं आहे ते हे: थंडीत लावल्यावर वास येतच नाही आणि बंद खोलीत एकदम अंगावर येतो, असं का होतं? किती लावू, कुठे लावू? कपड्याला चालेल का? मला रेशमी कुर्ता आणि वर काकांचीच लोकरी शाल घ्यायची आहे. तेल थंडीनं घट्ट झालंय, त्यात स्पिरिट घालून पातळ करू का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत्याला दमा आहे. ती काकांची सख्खी बहीण, लग्नात माझ्या शेजारीच बसणार. तिला त्रास झाला तर या सगळ्याला काही अर्थ नाही.

प्रतिसाद (निपाणीहून)

स्पिरिट मुळीच घालू नका. बाटली मुठीत धरून पाचेक मिनिटं बसा, तेल आपोआप सैल होईल. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यातही धरू नका.

वास येतो तो तेलाचे कण हवेत उडतात म्हणून. गारठ्यात ते कमी उडतात, आणि अगरूचे तर मुळात जड. त्यात तुम्ही गाडीवर, जे थोडं उडालं ते वाऱ्यानं मागे नेलं. तेल मानेवर होतंच. खोलीत अंग तापलं, जाकीट काढलं, तेव्हा दोन्ही वेळा लावलेल्याचा वास एकदम सुटला. दुसरं असं की लावणाऱ्याचं नाक थोड्या वेळात त्या वासाला सरावतं. 'उतरलं' असं आपल्याला वाटतं तेव्हा शेजाऱ्याला तो चांगला येत असतो. म्हणून आपल्या नाकावर विसंबून दुसऱ्यांदा लावायचं नाही.

आमच्या घरात वैद्यकी होती म्हणून सांगतो, थंडीत अगरू ही अरबस्तानातून आलेली गोष्ट नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात हेमंताची चर्या आहे, त्यात जाड उबदार कपडे आणि अंगाला अगरूचा दाट लेप सांगितलाय. तुमचे काका डिसेंबरातच ते लावायचे, ते बरोबरच होतं.

प्रतिसाद (बेळगाव, शहापूर)

रेशमावर थेंबही नको, तेलाचा डाग निघत नाही. शालीला लावायचं तर आतल्या बाजूला, एका टोकाला, बोट नुसतं टेकवा. लोकर वास धरून ठेवते, तुमच्या जाकिटाचं तेच झालं.

अंगाला लावताना मान टाळा, ती आपल्या आणि शेजाऱ्याच्या नाकाच्या फार जवळ. छातीवर, कुर्त्याच्या आत, एक टिपका पुरे. थंडीत कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीवर अत्तर टिकत नाही, आधी साधं बिनवासाचं व्हॅसलीन चोळा. खोबरेल नको, त्याला स्वतःचा वास असतो, शिवाय डिसेंबरात ते बाटलीत दगड होऊन बसतं. लवंग-दालचिनीचं तेल काहींच्या कातडीला झोंबतं, तेव्हा आदल्या आठवड्यात कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

बाटली जपून वापरा हेही सांगते. अगरूचं झाड आसामकडचं, होजाई हे त्याच्या व्यापाराचं जुनं गाव. निरोगी झाडाला हा वासच नसतो. खोडाला इजा होऊन बुरशी लागली की झाड काळपट राळ तयार करतं, तिचं हे तेल. जंगलातली झाडं इतकी तोडली गेली की १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस या जागतिक कराराचे निर्बंध आहेत. आता आपल्या कर्नाटकातल्या मलनाडातही शेतकऱ्यांनी बागांतून ही झाडं लावलीत. दुकानात 'ऊद' लिहिलेल्या बहुतेक स्प्रेमध्ये मात्र प्रयोगशाळेत जुळवलेला वास असतो.

दम्याचं म्हणाल तर उग्र वासानं दमा उसळू शकतो, यात थेंबांचा हिशेब चालत नाही. आत्यांना आधीच विचारा. कार्यालयाच्या बंद हॉलमध्ये लावूच नका. रात्री पटांगणात, मोकळ्या हवेत लावा. तिथं गारवाही असेल, वास अंगासरशी राहील.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आत्याला विचारणं मला सुचलंच नव्हतं, खरं सांगायचं तर धीर होत नव्हता. काल चंदगडला तिच्याकडे जाऊन आलो. बाटली उघडली नाही, नुसती दाखवली. बराच वेळ हातात धरून बसली. म्हणाली, "दुपारी नको रे, कोंदटात मला धाप लागते. रात्री लाव की. आणि माझ्यापासून चार हात लांब बस, पण दिसशील असा बस."

आज रात्री अंगणात करून बघितलं. व्हॅसलीन, छातीवर एक टिपका, वर शाल. काकूंना विचारलं, वास येतोय का. त्या दोन पावलं जवळ आल्या, तेव्हा हो म्हणाल्या, आणि लगेच आत गेल्या. लांबून येत नाही, जवळ आलं की येतो. मला एवढंच हवं होतं.

एक शंका अजून उरलीय. ही शाल लग्नानंतर धुवायला टाकावी लागेल का, की नुसती वाऱ्यावर ठेवून भागेल? धुतली तर काकांचा जो काही वास तिच्यात राहिलाय तोही जाईल, म्हणून विचारतो.

प्रतिसाद (बेळगाव, शहापूर)

धुऊ नका. सावलीत दोरीवर दोन-तीन दिवस वारा द्या, ऊन नको. मग सुती धोतरात गुंडाळून पेटीत ठेवा. डांबरगोळी मात्र त्या पेटीत घालू नका, तिचा वास सगळ्यावर चढतो. कसरीची भीती वाटत असेल तर कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा.