झिंकची गोळी दिली की लेक ओकते, बंद करू का? (नागपूर)

मनीषनगरची_आई:
लवकर सांगा कोणीतरी. लेकीला जुलाब होऊन राहिले होते. डॉक्टरांनी झिंकच्या गोळ्या दिल्या, १४ दिवस द्या म्हणाले. तोंडात गेली की लगेच ओकते. आता संडास बरीच घट्ट झाली, तर सासूबाई म्हणतात कशाला लेकराच्या पोटात औषधं कोंबते, बंद कर. डॉक्टर फोन उचलत नाहीत, दवाखाना संध्याकाळी उघडेल. बंद करू का?

त्रिमूर्तीनगरकर:
वय किती? गोळी किती मिलिग्रॅमची? ओआरएस चालू आहे का? सू होते का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कुंदाकाकू_धरमपेठ:
डाळिंबाची साल उगाळून दे. आमची पोरं त्यावरच मोठी झाली. अन् दूध आधी बंद कर, जुलाबात दूध चालत नाही.

इतवारी_फार्मासिस्ट:
काकू, अंगावरचं दूध बंद करायला सांगू नका. उलट जास्त वेळा पाजायचं असतं. जुलाबात लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी अन् क्षार गेल्यामुळे. सालीनं ते भरून निघत नाही.
ताई, गोळी नेमकी कशी देता?

मनीषनगरची_आई:
८ महिन्यांची आहे. २० मिलिग्रॅमची गोळी. सकाळी उठल्याबरोबर चुरा करून मधात चाटवते, नाहीतर घेतच नाही.

इतवारी_फार्मासिस्ट:
मध आजच बंद करा. वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचा सुद्धा नाही, बोटुलिझम म्हणजे जंतूंच्या विषबाधेचा धोका असतो. चुराही नको, ही गोळी विरघळणारी असते. चमच्यात गोळी ठेवा, वरून तुमचं काढलेलं दूध किंवा ओआरएस घाला, मिनिटभरात विरघळते. उपाशीपोटी नको, पाजून झाल्यावर द्या. तरी अर्ध्या तासाच्या आत ओकली, तर एकदा परत, थोडी थोडी करून.

सदर_राहुल:
केस गळतात त्यालाही झिंक चालते का? मी ५० मिलिग्रॅमची घेऊन राहिलो.

त्रिमूर्तीनगरकर:
भाऊ, वेगळा धागा काढा. इथं लेकरू आजारी आहे.

अजनी_७७:
एवढं काहून करता? जुलाब थांबवायची गोळी मिळते ना मेडिकलमध्ये, अर्धी द्या, तासाभरात बंद.

इतवारी_फार्मासिस्ट:
ती गोळी म्हणजे लोपेरामाइड, लहान बाळाला अजिबात नाही! आतडं सुस्त पडू शकतं, पोट फुगतं, जिवावर बेतू शकतं. माझ्या काउंटरवर कोणी बाळासाठी मागितली तर मी देत नाही.

त्रिमूर्तीनगरकर:
१४ दिवसच कशाला पण? आमच्या डॉक्टरांनी १० सांगितले होते.

आशाताई_हिंगणा:
दोन्ही बरोबर. जागतिक आरोग्य संघटना अन् युनिसेफनं २००४ मध्ये १० ते १४ दिवस सांगितले, आपल्या सरकारी कार्यक्रमात १४ आहेत. सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांना अर्धी गोळी. जुलाबात शरीरातलं झिंक निघून जातं. ते भरून आलं की आतड्याचं अस्तर लवकर सावरतं अन् पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब लागायची शक्यता कमी होते. म्हणून संडास घट्ट झाली तरी गोळ्या पुऱ्या करायच्या. गावात घरोघरी हेच सांगत फिरते मी. लोक पाकीट अर्ध्यावर सोडतात अन् पावसाळ्यात तेच लेकरू परत जुलाबानं बेजार होतं.
ताई, सूचं तुम्ही अजून सांगितलं नाही.

मनीषनगरची_आई:
सू होऊन राहिली, डोळे खोल नाहीत, खेळते आहे. आत्ता पाजल्यावर चमच्यात दूध घालून दिली. तोंड वाकडं केलं, पण ओकली नाही. सासूबाईंना आशाताईंचं वाचून दाखवलं. ओआरएस टेट्रापॅकमधलं गोड मिळते ते देऊन राहिली, चालते ना?

आशाताई_हिंगणा:
नाही. त्यातल्या बऱ्याच पेयांत साखर फार असते, जुलाब वाढतात. पुडी आणा, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली. एक लिटरची अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. दर पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्यानं. केलेलं २४ तासांनी फेकून द्यायचं. संडासमध्ये रक्त दिसलं, सू बंद झाली, अंगावर प्यायला नकार दिला किंवा सुस्त पडली तर संध्याकाळची वाट पाहू नका, सरळ मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या.

कुंदाकाकू_धरमपेठ:
साल नको तर नको. भाताची पेज तरी देऊ दे तिला, मीठ घालून.

आशाताई_हिंगणा:
पेज चांगली, काकू. मीठ चिमूटभरच.