अनुभव धागा: गिअरच्या जुन्या गाडीतली ठकठक

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात पंधरा वर्षं उलटून पासिंग करून घेतलेल्या केए २२, केए २३ च्या गाड्या अजून भरपूर धावतात. खालून ठकठक सुरू झाली की पहिला निकाल ठरलेला: "गिअरबॉक्स गेला." म्हणून हा धागा. आवाज कधी यायचा, कधी थांबायचा आणि शेवटी काय निघालं, तेवढं लिहा.

टिळकवाडी (धागाकर्ता): माझी मारुती ८००. सरळ रस्त्यावर चूप, गल्लीत स्टिअरिंग पूर्ण फिरवून रेस दिली की कट-कट-कट. पुढच्या चाकामागं डोकावलं तर अ‍ॅक्सलचा रबरी बूट फाटलेला आणि रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे फराटे. अ‍ॅक्सलचा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट गेला होता. डावीकडं वळताना आवाज वाढला तर बहुतेक उजव्या बाजूचा समजा. बूट फाटल्या फाटल्या बदलला तर जॉइंट वाचतो. आत धूळ गेली की संपलं.

खानापूर: आमच्या गाडीत क्लच सोडताना एकच 'धड्'. पहिल्यातून रिव्हर्सला जाताना हमखास. मिस्त्रींनी बॉनेट उघडून मला हँडब्रेक ओढायला आणि ब्रेक दाबून क्लच जरासा सोडायला सांगितलं. ते स्वतः बाजूला उभे. गाडीसमोर कुणी थांबायचं नाही, हे महत्त्वाचं. इंजिन एका बाजूनं चक्क उचललं जात होतं. माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्याचं रबर फाटलेलं. गिअरबॉक्सला हातही लावला नाही.

उद्यमबाग: माझा मात्र खरोखर गिअरबॉक्सच निघाला. लेथवर काम करतो, त्यामुळं बेअरिंगचा आवाज कानात बसलेला. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू: घरघर आणि मध्येच ठक. क्लच दाबला की बंद, सोडला की परत. मिस्त्री खाली झोपून "ओत्तरी... बिडरी..." म्हणत राहिले, मी दाबत-सोडत राहिलो. असा आवाज म्हणजे इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर (क्लच दाबला की त्याला ढकलणारं). तेल काढलं तेव्हा ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर बारीक राखाडी चिखल होता, तो चालतो. पण त्यात नखाएवढे पापुद्रे होते, तिथंच विषय मिटला. बॉक्स खाली उतरवलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बघून घ्या, नाहीतर तीच मजुरी पुन्हा.

निपाणी: ओम्नीला मागच्या चाकांना पॉवर, त्यामुळं वरचं जॉइंटचं सगळं इथं लागू नाही. गाडी उचलताना आणि रेस सोडताना 'ठण्'. इंजिन बंद करून, चाकांना उटी (अडसर) लावून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा, हातानं पिळला. त्याच्या सांध्यातला क्रॉस ढिला होता. क्रॉस बदलला, आवाज गेला.

जांबोटी: आमच्याकडं फक्त खड्ड्यात ठकठक. क्लच, गिअर, रेस कशानंच फरक नाही. स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक, किरकोळ काम. आवाज इंजिनबरोबर वाढतो की चाकांबरोबर हे बघायला काहीजण न्यूट्रल टाकतात, ते सपाट रिकाम्या रस्त्यावरच करा. चोर्ला उतरताना नको रे बाबा.

संकेश्वर: वंटमुरीच्या चढाला चौथ्यातच रेटलं की टकटक, तिसरा टाकला की गायब. हे गिअरबॉक्सचं नव्हेच, कमी फेऱ्यांवर इंजिनाला बोजा झेपत नाही. गिअर वेळेत उतरवा की!

चिक्कोडी: माझ्या गाडीत फक्त तिसऱ्यात ठक-ठक, वेग वाढेल तशी भरभर. बाकीचे गिअर ठीक. काय असेल?

उद्यमबाग: एकाच गिअरला आणि ठेक्यात येतंय म्हणजे त्या गिअरचा दात तुटला असण्याची शक्यता मोठी. आधी तेल काढून तुकडा मिळतोय का बघा. तुकडा दुसऱ्या दातांत अडकला तर बॉक्स जाम होईल, त्यामुळं तोवर हायवेला गाडी काढू नका.