वेबसाइट फुटली तर गिऱ्हाइकाला सांगायचं कधी?

टिळकवाडीकर:
गेल्या महिन्यात आईला फोन आला. "आंटीजी, तुमचा मिक्सर अडकलाय, पत्ता पटत नाही, लिंकवर ५ रुपये भरा." बोलणारा हिंदीत, पण पत्ता वाचून दाखवला तो असा: 'मारुती मंदिरामागं, पिठाच्या गिरणीवर'. गिरणीवर म्हणजे वरचा मजला. हे शब्द ऑर्डर देताना मीच घातलेले, दुसरीकडं कुठंही नाहीत. आईला संशय आला, तिनं फोन माझ्याकडं दिला म्हणून वाचलो. तीन आठवड्यांनी ज्या कंपनीच्या वेबसाइटवरून मिक्सर मागवला तिची मेल आली, इंग्रजीत: काही ग्राहकांच्या काही माहितीपर्यंत कुणीतरी पोचलं असण्याची शक्यता आहे. कुठली माहिती, कधी, आम्ही काय करायचं, अवाक्षर नाही. माझं म्हणणं, कळलं त्या दिवशी कळवा. तीन आठवडे कसला मुहूर्त बघत होते?

खडेबाजारातला:
साड्यांचं दुकान आहे माझं, वेबसाइटही आहे. पुतण्याच्या मित्राकडून करून घेतलेली. आता 'कळलं त्या दिवशी' म्हणजे काय ते सांगा. त्या दिवशी एवढंच कळतं की साइट उघडली तर भलतंच पान येतंय. आत कोण शिरला, काय नेलं, हे नंतरचं. अर्धवट माहितीवर सगळ्यांना मेसेज टाकला तर गिऱ्हाईक एकच लक्षात ठेवणार, ह्या दुकानात चोरी झाली. दिवाळीच्या तोंडावर टाकून बघा की असला मेसेज! मोठ्या कंपन्यांना चालतं. त्यांचं गिऱ्हाईक जाणार कुठं?

उद्यमबाग शिफ्ट:
सर्व्हर सांभाळणं हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून लिहितो. सर्ट-इन म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा बघणारी संस्था. तिचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं. पण ते झालं सरकारला. 'आम्ही कळवलंय' म्हणून छाती काढणारे बरेचदा एवढंच करतात. गिऱ्हाइकाला कळवायचं बंधन २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आलं. न कळवल्यास दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मात्र मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून १८ महिन्यांची मुदत दिली. तेव्हा दुकानदार काका, ती संपेपर्यंत ह्या कायद्याचा धाक तुम्हाला नाही, हे खरं.

पण पासवर्ड कसे ठेवलेत ते त्या मित्राला विचारा. जसेच्या तसे, म्हणजे कुणालाही वाचता येतील असे, ठेवले असतील तर एक तासही थांबायची सोय नाही. लोक तोच पासवर्ड ईमेललाही लावतात, आणि ईमेल हातात आला की बाकीची कुलपं आपोआप उघडतात.

निपाणीचा पाव्हणा:
मी काकांच्या बाजूनं. तुम्ही 'माहिती फुटली, पासवर्ड बदला' असा मेसेज पाठवला की दुसऱ्या दिवशी चोर तसाच मेसेज पाठवणार, खाली स्वतःची लिंक लावून. आमच्या वडिलांना खरा कुठला नि खोटा कुठला, काय कळणार? नुसती नावं गेली असतील तर कशाला सगळ्या गावाला जागं करता? ज्याच्या पैशाला धोका, त्याला गाठून सांगा.

टिळकवाडीकर:
आमचंही नाव, नंबर नि पत्ताच गेलेला दिसतो हो. पैशाचं काहीच नाही. तेवढ्यावरच तो फोन आला. लिंकचं मात्र पटलं. मेसेजमध्ये लिंक घालूच नये. 'आम्ही लिंक पाठवणार नाही, ओटीपी मागणार नाही' असं लिहावं आणि बिलावर छापलेला दुकानाचा नंबर द्यावा. कुणाचे पैसे गेलेच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन करा, हेही.

खानापूरकरीण:
भाषेचं कुणीच बोलेना. सेलचे मेसेज आम्हाला मराठीत येतात, 'ताई, खास तुमच्यासाठी'. चोरीचा तेवढा इंग्रजीत! सासूबाई कन्नड फाडफाड बोलतात, पण वाचता येतं ते मराठीच. शेजारच्या अक्कांचं नेमकं उलटं. संमती घेतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी, असं त्या २०२३ च्या कायद्यातच आहे. मग वाईट बातमी त्या भाषेत का नको? (बेळगावातल्या कचेऱ्यांतून मराठीत कागद मिळावेत हे आपलं भांडण वेगळं, ते इथं उकरत नाही.) ज्या भाषेत ऑर्डर घेतली, त्या भाषेत सांगा.

उद्यमबाग शिफ्ट:
बरोबर. आणि काय गेलं नाही तेही सांगावं. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या ४५ लाख प्रवाशांची माहिती गेली, ती सिटा ह्या, विमान कंपन्यांना संगणक सेवा देणाऱ्या कंपनीकडून. प्रवाशांना कळवायला उशीर झाला त्याबद्दल बोलावं तेवढं थोडं. पण त्या पत्रात एक गोष्ट नीट होती: कार्डाचा सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त आकडा) तिथं ठेवलेलाच नव्हता, आणि पासवर्ड गेले नाहीत. अशा एका ओळीनं निम्मे फोन कमी होतात.

खडेबाजारातला:
बरं, माझी साइट उद्या फुटली असं समजा. लिहायचं काय? मसुदा द्या.

टिळकवाडीकर:
'नमस्कार. मंगळवारी आमच्या वेबसाइटमध्ये कुणीतरी शिरलं. तुमचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर नि साइटवरचा पासवर्ड चोरीला गेला. कार्डाचे तपशील आम्ही ठेवत नाही. साइट बंद केली आहे. हाच पासवर्ड आणखी कुठं वापरत असाल तर तिथला आजच बदला. शंका असल्यास दुकानात फोन करा.'

खडेबाजारातला:
'चोरीला गेला' नको. 'गेला असावा' लिहा.

उद्यमबाग शिफ्ट:
लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं त्याची सर्व्हरवरची नोंद, तपासून नक्की सांगता येत नसेल तर 'गेला असं धरून चाला' लिहा. 'असावा' वाचून कुणी पासवर्ड बदलत नाही.

निपाणीचा पाव्हणा:
'धरून चाला' वाचून माझं गिऱ्हाईक दुसरं दुकान धरून चालेल.

खडेबाजारातला:
पुतण्याच्या मित्राला आत्ताच फोन लावला. लॉग ७ दिवसांचेच राहतात म्हणे, पुढं आपोआप पुसले जातात. आणि पासवर्ड कसे ठेवलेत विचारलं तर 'बघून सांगतो काका' म्हणाला.