मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने : आधी माणसं ठरवायची की आधी वेग?

खाडीपल्याड :
जानेवारीच्या शेवटी बोट गोव्याला न्यायचीय. ३० फुटी, दोन शिडं, आत छोटं डिझेल इंजिन, झोपायला चौघांची जागा (पाचवा आला तर तो शिडांच्या पिशव्यांवर). महिनाभर क्रू शोधतोय आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय ते इथे टाकतो, शिव्या द्यायच्या तर द्या.

लोक आधी माणसं गोळा करतात आणि मग त्यांच्या रजा बघून प्लॅन करतात. हे उलटं आहे. गेल्या वर्षी मीही तेच केलं. थांबत थांबत जाऊ, रोज नवीन बंदर, रोज ताजे मासे, सात दिवसांत आरामात पोचू असं म्हटल्यावर चार जण एका फोनवर तयार. मग मुरुडला पहिल्याच रात्री बोट अशी डुलत होती की कुणाचा डोळा लागला नाही, हर्णैला डिझेलचा फिल्टर चोक झाला त्यात अख्खा दिवस गेला, आणि रत्नागिरी येईस्तोवर तिघांच्या सुट्ट्या संपल्या. सॅक उचलली आणि सरळ स्टेशन. पुढचे शंभर-सव्वाशे मैल मी आणि एक आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर चढलेला मुलगा, दोघांनी ओढले. विजयदुर्गला नांगर टाकून बारा तास नुसते झोपलो, किल्ला बघितलाच नाही.

म्हणून यंदा न थांबता. अंतर साधारण २२५ सागरी मैल, सरासरी ४.५ नॉट (म्हणजे तासाला ४.५ सागरी मैल) धरली तर ५० तास. शुक्रवारी सकाळी ६ ला निघालं की रविवारी सकाळी ८ च्या सुमारास गोव्यात आग्वादसमोर. संध्याकाळचं विमान, सोमवारी ऑफिस. तीन माणसं हवीत. ज्याला दोन रात्री जागणं जमत नाही त्याने कृपया येऊ नये. बोला.

हर्णैकर :
शिव्या देत नाही पण रविवार संध्याकाळचं विमान वाचलं आणि पुढचं वाचायची गरजच राहिली नाही. म्हणजे शनिवारी रात्री वारा पडला, किंवा कोणी आजारी पडलं, तरी तुम्ही जवळच्या बंदरात शिरणार नाही, कारण तिकीट काढलंय. वेग तुम्ही नाही ठरवलात, तिकिटाने ठरवला.

आणि जाळी? आमच्याकडे घरात तीन पिढ्या मच्छीमारी, म्हणून सांगतो. वरवर तरंगणारी जाळी किलोमीटर-दीड किलोमीटर सहज पसरलेली असतात. टोकाला कुठे लुकलुकता दिवा, कुठे काळा झेंडा, कुठे फक्त जुना तेलाचा कॅन नाहीतर थर्माकोलचा तुकडा. दिवसा दिसतं. रात्री बारा वाजता अर्धवट झोपेत सुकाणू धरलेल्या आयटीवाल्याला दिसेल? नायलॉन इंजिनाच्या पंख्यात गेलं की शाफ्टवर गुंडाळतं, घासून वितळतं आणि दगडासारखं होतं, मग दातेरी सुरी घेऊन पाण्यात उतरा. तुमची एक रात्र जाते, ज्याचं जाळं फाटलं त्याचा महिना जातो. हे क्रू मागणाऱ्या कुठल्याच पोस्टमध्ये नसतं.

दिवसा चाला, रात्री नांगर टाका. मुंबई-मुरुड ४०, मुरुड-हर्णै ३०, हर्णै-जयगड ३०, जयगड-रत्नागिरी २०, तिथून विजयदुर्ग २८, मालवण ३२, आणि शेवटचा टप्पा ४०. यातला एकही दहा तासांच्या वरचा नाही.

बिनहिशोबी :
अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये एकटा, न थांबता, मुंबईहून निघून पृथ्वीला फेरी मारून मुंबईला परत आला. आपण दोन रात्रींवरून चर्चा करतोय 😄 आणि साडेचार नॉट काय? ३० फुटी बोट सहा सहज करते. सहाने गेलात तर ३८ तासांत गोवा, शनिवारची रात्र हॉटेलात.

खाडीपल्याड :
@बिनहिशोबी सहा हा आकडा दुपारी तीन वाजता, पाठीमागून वायव्येचा पंधरा नॉट वारा असताना, जीपीएसचा फोटो काढण्यापुरता असतो. रात्री अकराला तीच बोट अडीचने चालते आणि शीड फडफड करत राहतं. पाण्यातली लांबी फुटात घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, तो झाला बोटीचा कमाल वेग. माझ्या बोटीला येतात ६.७. कमालीला कोणी सरासरी धरतं का? आणि ३८ तास खरे मानले तरी शनिवारी रात्री आठला पोचणार, म्हणजे अंधारात मांडवीच्या तोंडाशी, कॅसिनोचे आणि किनाऱ्याचे दिवे एकमेकांत मिसळलेले. तसं झालं तर मी मुद्दाम शीड उतरवून बाहेर रात्र काढीन.

@हर्णैकर तिकिटाचा मुद्दा लागला. बघतो.

दूरचादिवा :
टॉमींचं उदाहरण इथे लागूच होत नाही. त्यांची बोट म्हादेई ५६ फुटी, आणि खुल्या महासागरात एकटा माणूस तुकड्या-तुकड्याने झोपू शकतो कारण आजूबाजूला शेकडो मैल कोणी नसतं. कोकण किनाऱ्यावर वीस मिनिटं डोळा लागला तर ट्रॉलरच्या अंगावर. आणि द्यायचंच तर पूर्ण द्या की उदाहरण. त्याच म्हादेईवर २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकटेच चार बंदरं घेत जग फिरून आले. त्यांना कोणी कमी म्हणतं का?

तरीपण मी खाडीपल्याडच्याच बाजूने. सहा वेळा ही वाट केलीय, दोनदा थांबत, चारदा न थांबता. थांबणं सुरक्षित हा मोठा गैरसमज आहे. बोट जास्त वेळा कुठे अडचणीत येते? बंदरात शिरताना. बाणकोट, दाभोळला तोंडाशी वाळूचा बांध, ओहोटीला त्यावर लाट फुटते. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक, माहीत नसलेल्याने संध्याकाळी शिरूच नये. सहा मुक्काम म्हणजे सहा वेळा अनोळखी जागी नांगर टाकायचा, तेही दिवसभराच्या थकव्यानंतर सूर्य बुडता बुडता. त्यापेक्षा २० मैल बाहेर रहा, पाणी खोल, जाळी कमी, फक्त मोठ्या जहाजांवर नजर. एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) लावा, रेडिओवर चॅनल १६ चालू ठेवा.

हर्णैकर :
२० मैल बाहेर मतलई मिळतो का? नाही ना. पहाटे तीन ते सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीकडून जो वारा येतो तोच या किनाऱ्यावर फुकटचा. बोट आडवा वारा घेऊन अशी सरळ दक्षिणेला चालते की चहाचा कप हिंदकळत नाही. मग दहा ते बारा मेलेला वारा, जेवून घ्यायचं, मग एक वाजल्यापासून खारा वारा वायव्येकडून. बाहेर गेलात की अर्धा दिवस इंजिन. मग शिडाची बोट कशाला, रो-रोने जा.

आणि बाहेर जाळी कमी हे दहा वर्षांपूर्वीचं झालं. आता ट्रॉलर कुठे कुठे जातात बघा जरा.

सुकाणू_माझ्याकडे :
वेगावर भांडून झालं असेल तर क्रूवर बोलू? मी दोनदा क्रू म्हणून गेलेय, एकदा चांगल्या माणसांबरोबर, एकदा नाही. दुसऱ्या वेळी बोटमालकाने फोनवर सगळं विचारलं, पोहता येतं का, ओकारी होते का, रजा किती. मी विचारायला गेले की रात्री पहारा कसा वाटणार, बाथरूमच्या दाराला कडी आहे का, माझा हार्नेस (पाण्यात पडू नये म्हणून बांधायचा पट्टा) कुठे अडकवायचा, तर म्हणे "तू टेन्शन घेऊ नको, मजा येईल". मजा अशी आली की कागदावर मी क्रू आणि प्रत्यक्षात तीन दिवस खिचडी. कुकर पट्ट्याने स्टोव्हला बांधून, पाय भिंतीला रेटून, चार जणांचं. सुकाणू एकूण पाऊण तास मिळालं, तेही सगळ्यांना फोटो काढायचे होते म्हणून.

"ज्याला दोन रात्री जागता येत नाहीत त्याने येऊ नये" हे मर्दानी वाटतं ऐकायला. दोन रात्री कोणीच जागू नये! चार माणसं असतील तर दोन-दोनच्या जोड्या, चार तास वर, चार तास खाली. जो खाली आहे त्याने खरंच झोपायचं, फोन बघत पडायचं नाही. तुमची पोस्ट वाचून जे येतील ते "मी जागू शकतो" म्हणणारेच येतील, आणि पहाटे चारला तेच सगळ्यात आधी डुलकी घेतील, कारण झोपायला जाणं त्यांना कमीपणाचं वाटेल.

खाडीपल्याड :
मान्य. वाक्य चुकलं. जोड्यांचं डोक्यात होतंच, लिहिलं नाही.
कडी आहे. आता बघून आलो, गंजलीय. बदलतो.

वायंगणी :
अरे बाबांनू, गोव्याक जावचा आसा तर इतकी घाई कित्याक? आमच्या मालवणात येवा, एक तांडेल (होडी चालवणारो) घेवा बरोबर. शिडाचा तुमका कळता, पण खडक खय आनि जाळी खय ह्या तेका कळता. दोन दिवसाची मजुरी देवा, जेवाण देवा, झाला.

बिनहिशोबी :
तांडेल घेतला तर मग आपण काय करणार, पॅसेंजर? तो येईल, सुकाणू धरेल, आपण पोहे खाणार. शिकायचं कधी?

दूरचादिवा :
शिकायचं तर त्याच्याकडूनच शिका की. मला पाण्याच्या रंगावरून खोली ओळखायला एका खलाशाने शिकवलं, कुठल्या कोर्समध्ये नाही. तरी पूर्ण वाटेला तांडेल नको असं माझंही मत, कारण त्याला इंजिनाची सवय, शिडाने अडीच नॉटवर रेंगाळणं त्याला वेडेपणा वाटतो, तासाभरात किल्ली फिरवतो. रत्नागिरीपासून खाली घ्या हवं तर.

पहिल्यांदाच :
नमस्कार, मी पुण्याची, खडकवासल्याला डिंगी (छोटी शिडाची होडी) चालवते तीन वर्षं, समुद्रावर कधीच नाही. मला यायचं होतं पण हे सगळं वाचून पाय मागे येतोय. माझ्यासारखीने कुठल्या प्रकारात यावं, न थांबता की थांबत? आणि खर्च वाटून घेणार का?

सुकाणू_माझ्याकडे :
खर्च वाटायचा, डिझेल आणि खाणं, बस. मालक "प्रति व्यक्ती" आकडा सांगायला लागला की ती सहल झाली, बोटीचा विमा खाजगी वापराचा असतो, काही झालं तर तुम्ही कोण म्हणून बोटीवर होतात हे सिद्ध करत बसावं लागेल.

आणि ये तू. धरणावर डिंगी चालवणाऱ्याला वारा कळतो, जे मोठ्या बोटीवर इंजिनवर वाढलेल्यांना कळत नाही. पण थेट ५० तास नको. पहिला दिवस बहुतेकांना लागतो समुद्र, ॲव्होमिन आदल्या रात्री घ्यायची, ओकारी सुरू झाल्यावर नाही. पहिल्या संध्याकाळी उतरायची सोय असली पाहिजे. ती सोय आहे हे माहीत असलं की बहुतेक जण उतरत नाहीत, माझं तरी तसंच झालं.

हर्णैकर :
हेच तर मी सांगतोय पहिल्यापासून!

दूरचादिवा :
नाही, तुम्ही सहा मुक्काम सांगताय. ती एक सांगतेय.

खाडीपल्याड :
दोन दिवस विचार केला. विमान रद्द केलं, हजार-बाराशे गेले. आता असं. सोमवारी पहाटे ४ ला निघायचं, मतलई धरून मुरुड, एक रात्र तिथेच, जंजिऱ्याच्या आडोशाला, कितीही डुलो. ज्याला झेपणार नाही त्याने तिथून एसटीने घरी, कोणी काही बोलणार नाही. मंगळवारी मुरुडहून पुढे न थांबता विजयदुर्ग, साधारण १०८ मैल, म्हणजे एकच रात्र आणि २४ तास, पोचायचं उजेडात. पौर्णिमा जवळ आहे त्यामुळे कॅन-झेंडे थोडेफार दिसतील. विजयदुर्गला एक दिवस हातचा. तिथला आसरा या किनाऱ्यावरचा सगळ्यात चांगला, कुठलाही वारा असो. (आणि किल्ला बघायचाय या वेळी.) मग एक तर सरळ गोवा, नाहीतर वाऱ्याने साथ दिली नाही तर देवगडला जाऊन एसटी. बोट तिथे नांगरावर राहील, पुढच्या शनिवारी बघू. परतीचं तर बोलूच नका, सगळा वायव्येचा वारा तोंडावर, ते एप्रिलपर्यंत कधीतरी.

बिनहिशोबी :
म्हणजे ना थांबत, ना न थांबता. दोघांनाही नाराज केलंत.

हर्णैकर :
मुरुडहून रात्री निघू नका एवढं ऐका. पहाटे निघा, जयगड उजेडात मागे टाका, बरीचशी रात्र रत्नागिरीच्या खाली येईल तिथे गर्दी जरा कमी. आणि पौर्णिमा म्हणजे उधाण, चांदणं मिळेल पण खाडीच्या तोंडाशी ओढ पण तेवढीच. विजयदुर्गला भरती लागल्यावर शिरा. हर्णै ओलांडताना फोन लागला तर सांगा, आमची होडी त्या बाजूला असली तर जाळी कुठे टाकलीत ते कळवीन.

पहिल्यांदाच :
मी येतेय. मुरुडपर्यंत नक्की, पुढचं तिथे सांगते. दातेरी सुरी कुठली आणू, ब्रेड कापायची चालेल का?

हर्णैकर :
ब्रेडचीच चालते. दोन आणा, एक पाण्यात पडते.