माथेरानमध्ये शार्लट तलावाकडे जाणारी सोपी पायवाट कोणती?

प्रश्न: सत्तरीची आई आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन माथेरानला जायचे आहे. चढ फारसा नसलेली, झाडीतून तलावापर्यंत नेणारी वाट कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: वाहने दस्तुरी नाक्यावरच थांबतात, त्यामुळे बाजारपेठेपर्यंत आईंनी चालण्याऐवजी जवळच्या अमन लॉज स्थानकाहून सुटणारी शटल (छोटी रेल्वेगाडी) घ्यावी. बाजारातून शार्लट तलावाकडे जाणारी लाल मातीची रुंद वाट बहुतांशी सावलीतूनच जाते. तलावाजवळ पिसारनाथाचे मंदिर आहे. तिथे निवांत बसून मगच, आईंना झेपेल असे वाटल्यास, एको पॉइंटपर्यंत जावे. एकाच दिवसात सगळे पॉइंट उरकण्याचा अट्टहास मला तरी व्यर्थ वाटतो.

प्रतिसाद २: वरील माहितीला एक पुस्ती जोडतो. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरते आणि नेमक्या उतारावरच पाय सरकतो, म्हणून आईंना तळ घट्ट पकडणारे बूट आणि हाती काठी द्यावी. नेरळहून वर येणारी गाडी त्या काळात बंद असते, शटल मात्र चालू राहते. तलाव पिण्याच्या पाण्याचा असल्याने मुलीला पाण्यात उतरू देऊ नये. खाऊची पिशवी हातात मिरवू नये, माकडे ती हिसकावल्याशिवाय राहत नाहीत!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. परतीसाठी घोडा ठरवायचा झाल्यास दर आधीच बोलून घेईन.